दोन गडग्यांमधला लाल शर्ट

८ एप्रिल
आलो एकदाचा रत्नागिरीला! लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत मन रमलं नाही, हे काम झकास आहे. वरची वाडी, खालची वाडी, दोघांचे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, समोरासमोर. मधली जमीन कुणाची, याचं भांडण आज्यापासूनचं. निकाल लागेस्तोवर आत कुणी पाय टाकायचा नाही. मी लातूरचा, म्हणजे कुणाचाच नाही, म्हणून राखणीला मी. मधोमध काजूचं झाड, खाली माझी खोपटी. दुपारचं ताट खालच्या वाडीची सावित्रीकाकी गडग्यावर ठेवते, रात्रीचं वरचे रामजीतात्या. तात्या हसले. म्हणाले, पायाला भिंगरी असलेला इथं टिकायचा नाय. म्हटलं, बघाच.

१५ एप्रिल
बसून बसून मुंग्या आल्या. समुद्र जन्मात बघितला नव्हता. बांबूची फुली रोवली, माझा लाल शर्ट चढवला, गवत कोंबलं, वर टोपी. लांबून बघा, मीच उभा! मग गुपचूप मांडवीला. भेळ खाल्ली, पाय भिजवले. परत आलो तर ताट चाटूनपुसून रिकामं. कुत्रं असेल.

१६ एप्रिल
काकी म्हणाली, काल कालवण आवडलं ना रे बाला, परत मागून खाल्लंस. मी नुसता हसलो. कुणी मागून खाल्लं?

१९ एप्रिल
बुजगावणं उपटायला गेलो. हलेना. शर्टाखाली हात घातला. गवत नाही. ऊब लागली.
तात्यांना हाका मारल्या, येऊन बघा म्हटलं. ते गडग्यापाशीच थांबले. आत पाय टाकला तर खालचे कोर्टात जातील म्हणाले. काकीला बोलावलं, तीही तेच म्हणाली, वरचे जातील.

२१ एप्रिल
काम सोडतोय. आईला फोन केला, परवा पोचतो. दारातच बसते म्हणाली. पिशवी भरली.
काकी ताट घेऊन आली. माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या पाठीमागं बघत म्हणाली, जपून जा रे बाला. आणि त्या बुजगावण्याची टोपी पडायला आलीय, नीट कर.
टोपी माझ्या डोक्यावर होती.

२२
गडग्यापर्यंत जाता येत नाही. पाय उचलेनात — काजूखालीच —

सकाळ
तो निघाला. माझा शर्ट, माझी पिशवी. तात्या हात देऊन गडग्यावरून उतरवतायत. पलीकडून काकी हात हलवतेय. ओरडलो. वारा सुटला म्हणाली.
आई दारात बसली असेल — त्याला आत घेईल — कुणीतरी तिला —
डावा हात आडवा झालाय. खाली येत नाही. उजव्यानं लिहितोय, तोपण आता —