टप खाली ठेवून

शनि. १७ डिसें. ५५
चाकण. अण्णांच्या आडतीपुढे, कांद्याच्या ढिगाशेजारी गाडी लावली. अण्णा म्हणजे मेव्हणे. भाद्रपदात आमची लेक बेबी तापानं गेली, तेव्हापासून मालू इथंच, भावाकडे. चिंचवडच्या घरात श्वास घेता येत नाही म्हणते. मी घेतो. जमेल तसा.

गेनू हमाल पोतं पाठीवर घेऊनच थांबला. "सायेब, दारं हायती, खिडक्या हायती, छप्पर कवा घालनार?"
"पैसे आले की."
"मंग न्हाईच."

मालूच्या वहिनी म्हणाल्या, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही हो ती. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, "चल, मोशीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ." तर उठली. चपला घातल्या, येऊन बसली. मी गाडी सुरू केली.

मागची सीट बेबीची. बसायची कधीच नाही, दुमडलेल्या कापडी टपाचा दांडा धरून उभी. दोघांपैकी कोणीही मागं पाहिलं नाही.

वारा बोचरा. पूल येईपर्यंत मालूचा चेहरा ओला.
"थंडी वाजते?"
"नाही."
"धूळ गेली का डोळ्यांत?"
"हो. धूळ."

परत आलो तर वहिनी: "अगंबाई, डोळे केवढे लाल!" मी म्हटलं, वारा. लाज वाटली. दुःखातल्या बाईला भर थंडीत बिनछपराच्या गाडीतून फिरवणारा नवरा. पुढच्या वेळी नीट बंदोबस्त करायचा.

सोम. १९
सं.चं पत्र. 'बरेच दिवस हलकंफुलकं काही नाही. त्या तुमच्या मोटारीवर लिहा. वाचक हसले पाहिजेत.' संपादकाला भाद्रपद माहीत आहे. पण साप्ताहिक दर आठवड्याला निघतं.

विषय सुचला: उघड्या मोटारीत सुखाने कसे बसावे. शिवाय मला त्याची गरजही आहे.

गुरु. २२
प्रयोग चालू. आकुर्डीपर्यंत एकटाच गेलो-आलो.

कोटाच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या की छातीला वारा लागत नाही. आपलेच जुने अंक वापरले. माझं लिखाण इतक्या वर्षांत प्रथमच कोणाच्या तरी छातीला भिडलं. घोंगडी नुसती मांडीवर टाकायची नाही, खाली दाबून बसायचं, नाहीतर ती देहूरोडला पोचते आणि आपण मागं. मफलरची गाठ मानेमागं. हनुवटीखाली मारली तर वारा गळा धरतो. बाजूच्या काचा वर. हळू चालवलं तर वारा पुढच्या काचेवरून डोक्यावरून जातो. जोरात नेलं की तोच वळून मागून मानेवर बसतो, नातेवाइकासारखा.

पुण्याच्या लष्कर बाजारातून दोन गॉगल आणले. एक बायकी म्हणून दिला. दोन्ही सारखेच आहेत.

शनि. २४
मालूला सगळं चढवलं. मफलर, गॉगल, घोंगडी, पाठीला उशी, पायाशी गरम पाण्याची पिशवी. हात वर कर म्हटलं की करायची. बेबीला झबलं घालताना ती असंच...

पुलापर्यंत जाऊन आलो. डोळे कोरडे. वहिनी खूश: "आज कशी छान दिसतेस!" मीही खूश. विमान उतरवल्यासारखा.

मालू म्हणाली, डोकं दुखतंय. आत गेली. पुढच्या शनिवारचं काही बोलली नाही.

रवि. १ जाने. ५६
काल अण्णांकडे पाहुणे, गेलो नाही. लेख लिहून पाठवला. त्यात गॉगल आहे, घोंगडी आहे, नातेवाईक आहेत. मालू नाही. बेबी नाही.

मंगळ. ३
आता मूळच दुरुस्त करायचं. टपाचं कापड गाडी घेतली तेव्हापासून फाटकं. तंबू शिवणाऱ्या उस्मानभाईंकडे टाकलं.

पावसाळ्यात टप चढवला की बेबी त्या भोकातून हात बाहेर काढायची आणि रस्त्यावरच्या लोकांना टाटा करायची. लोक बघायचे, मोटारीच्या छपराला हात फुटलाय.

उस्मानभाई म्हणाले, "साहेब, भोक असं बुजवतो की कुठं होतं ते सापडणार नाही."

शोधणारही नाही.

शनि. ७
टप चढवून चाकण. मालू दारात आली. मफलर तिनं स्वतःच बांधला होता, गाठ मागं. गाडीकडे बघत राहिली.
"हे काय?"
"टप. आता वारा नाही, धूळ नाही."
"आज नको," म्हणाली. मफलर सोडून माझ्या हातात दिला.

गेनू सगळं बघत होता. "सायेब, छप्पर झ्याक हाय." मग, चेष्टा न करता: "पर बाई न्हाई आल्या व्हय?"

परतीच्या वाटेवर वाटलं, भोक बुजवलं म्हणून रागावली. उसवून घेईन, म्हटलं. भोसरीपर्यंत हेच.

शनि. १४. संक्रांत
दुखवट्याचं वर्ष, वाण नाही, तिळगूळ नाही. गाडी उभी करतोय तोच वहिनी: "सकाळपासून दोनदा विचारलंन, टप उघडा ठेवून येणार आहेत का."

उघडाच होता. उस्मानभाईंचं काम उसवणं राहिलं, नुसतं घडी करून मागं.

मालू बसली. गॉगल पुढे केला तर हातानं बाजूला. काच खाली केली. "जरा जोरात न्या," म्हणाली.

पुलापाशी वळवायला लागलो. "असू द्या, पुढे चला." मग समोर बघत, वाऱ्यात ओरडून:
"अण्णाच्या घरात रडू आलं की चौघी धावतात. पाणी देतात, पाठ चोळतात. रोज कोणीतरी नवी भेटायला येते. तिला पहिल्यापासून सांगायचं, ताप कधी चढला, डॉक्टर कोण, शेवटी काय म्हणाली. सांगून झालं की ती म्हणते, आता रडू नकोस. इथं वाऱ्यानं पाणी येतं म्हणता येतं. कोणी विचारत नाही."
थोडं पुढे गेल्यावर:
"तुम्हीच तेवढे विचारत बसता. धूळ का, थंडी का."

मी माझा गॉगल काढला. मागच्या सीटवर टाकला.

जोरात नेली. दोघांचेही चेहरे धुऊन निघाले. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं आम्हांला बघून गाडी पार शेतात घातली. हॉर्न वाजवला नव्हता.

गुरु. २६
सं.चं पत्र. 'लेख फक्कड. कार्यालयात मोठ्यानं वाचला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. याच धर्तीवर आणखी द्या.'

उत्तर लिहिलं नाही. काय लिहू, की आमचं पाणी वेगळ्या दुकानातलं?

शनि. २८
मोशी, भोसरी, नाशिक फाटा. फाट्यावर मी गाडी हळू केली. डावीकडे पुणं, उजवीकडे घर. विचारलं नाही. तिनं नुसतं उजवीकडे पाहिलं. वळवली.

पिंपरीला औषधाचा तो नवा कारखाना आला. इथं सुया होतात त्या औषधाच्या, ज्याच्या नावानं सगळं जग बरं होतंय म्हणतात.
"इथलं औषध जर..."
"त्या तापाला हे चालत नाही. डॉ. म्हणाले होते."
"नक्की?"
"नक्की."
बराच वेळ कारखान्याच्या भिंतीकडे बघत होती. मग, "मागं फिरवा."

फिरवली. चाकणला पोचलो. उतरताना: "काचा खालीच ठेवत जा."

शनि. ४ फेब्रु.
ओट्यावर बसून लिहितोय. पेन्सिलीनं, दौत आत आहे.

आज निघताना वहिनींनी हातात डबा दिला. "जेवायला परत येणार ना गं?" मालू म्हणाली, "बघू." कारखान्यापाशी तिनं या वेळी मागं फिरवायला सांगितलं नाही. चिंचवडात शिरलो. घरापुढे गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

उतरली नाही. मी दार उघडून धरलं. तशीच बसून. दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. मग मलाच हॉटेलच्या दरवानासारखं वाटायला लागलं, म्हणून आत जाऊन चहा केला, गाडीत नेऊन दिला. दोघांनी गाडीतच घेतला. साखर जास्त झाली होती. तिनं सांगितलं. म्हणजे घरातल्यासारखं झालं थोडं.

शेजारचे जोशीबुवा कुंपणापाशी. "काय, वहिनी आल्या वाटतं?"
"ठरतंय अजून."
शहाणा माणूस. आत गेले.

तिला एकटं बसू द्यावं म्हणून मी इथं आलो. आत चल म्हणणार नाही. चाकणला सोडू का, हेही विचारणार नाही. किल्ली खिशात आहे.

तिनं मानेमागं हात नेऊन मफलरची गाठ सोडली आत्ता. घडी घालून मांडीवर ठेवला. मागं वळली, बेबीच्या सीटकडे. बघतेय.

गाडी उभी आहे. झाडाचं पान हलत नाही. वारा म्हणून कुठं नाही. तिच्या डोळ्यांना पाणी आहे, आणि रस्त्यानं लोक येताहेत-जाताहेत, आणि ती ते पुसत नाही.