वाफ्यातले टेलिफोन

शुक्रवार, ३ मे २०१९

आली मंडळी! पिवळ्या टोप्या, एकाच हातात पांढरा हातमोजा. सदुसष्ट साली ती हेरांची मालिका आमच्या या वेल्समधल्या गावात चित्रित झाली, अजून यांचा नाद सुटत नाही. माझा गेथिन त्यातलाच. तो गेल्यावरचा चाहत्यांचा हा पहिला मेळावा. जन्मभर हसले नवऱ्याला — "फुलांच्या वाफ्यात फोन उगवतात म्हणे!" एकही भाग धड बघितला नाही.

शनिवार, ४ मे

लेस्टरहून डेस्मंड आला, गेथिनचा मेळाव्यातला दोस्त. दारातच रडला. "वहिनी, उद्या सभागृहात शेवटचा भाग दाखवणार आहेत. गेथिनच्या खुर्चीवर तुम्ही बसा."

कार्डिफहून हेलेदचा फोन. लेकीचं तेच पालुपद — घर विक, आमच्याकडे ये. "ग्रॅहमही म्हणतो, तुझ्या भल्याचंच आहे." जावई कधीपासून माझं भलं बघायला लागला?

रविवार, ५ मे

हेलेद न सांगता आली, समजूत घालायला. तिलाही घेऊन गेले सभागृहात.

एक हेर हॉटेलात अडकलाय. बेड्या नाहीत, मारहाण नाही. सगळे गोड! मॅनेजर रोज चहा आणतो, "तुमच्या भल्यासाठीच" म्हणतो. हेर नुसता हसतो. शेवटी घोड्याबरोबर चहा पितो — आणि संपलं!

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"बावन्न वर्षं भांडतोय," डेस्मंड म्हणाला. "कळलं असतं तर परत आलो असतो का?"

घरी आल्यापासून तोच विचार. फोन, घोडे ही नुसती गंमत. खरी भीती त्या गोडव्याची. प्रत्येकाला आपापलं हॉटेल ओळखू येत असणार. गेथिनचं कुठलं होतं? कधी विचारलंच नाही मी.

हेलेद कोट न काढताच बसली होती. सारखा ग्रॅहमचा फोन. बाहेर जाऊन हळू आवाजात — "हो, आईबरोबरच आहे. हो, निघतेच."

मंगळवार, ७ मे

फोनवर सांगून टाकलं — घर विकणार नाही! वाटलं, भांडेल. "बरं झालं, आई," एवढंच म्हणाली. रागच आला. मग इतके दिवस माझ्या मागे का लागली होती?

गुरुवार, ९ मे

हेलेद दारात. दोन बॅगा.

"आई, तिथे मला तू हवी होतीस गं. त्याच्याबरोबर एकटीला भीती वाटायची. पण घर ठेवलंस, म्हणून यायला जागा राहिली."

वरची खोली झाडली. आता झोपलीय.