बासष्ट खुर्च्यांपायी यादीतून गेलेलं आमचं नाव

प्रति,
मा. मुख्य अधिकारी साहेब,
गरिबी निवारण कक्ष,
दुसरा मजला, ज्या खोलीतला पंखा चालतो ती.

विषय : आमची गरिबी हटलेली नसताना ती हटल्याची झालेली नोंद रद्द करून आईचं नाव मंगळवारच्या आत यादीत परत घालणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाकडून आईला आलेलं अभिनंदनाचं पत्र.

महोदय,

"घरात बासष्ट खुर्च्या आणि म्हणे गरीब! अरे, माझ्या घरी चार आहेत, त्यातली एक डुगडुगते!" असं तुमच्या तीन नंबरच्या खिडकीतले भाऊसाहेब आत्ता माझ्यावर ओरडले. मीही ओरडलो. म्हटलं, "मग न्या ना दहा, कोण नको म्हणतंय?" त्यांनी खिडकी लावून घेतली आणि फटीतून कोरा कागद सरकवला. "काय असेल ते लेखी दे." म्हणून बाहेरच्या बाकावर बसून लेखी देतोय. बाकाला पाय तीनच आहेत, त्यामुळे अक्षर हललं तर समजून घ्यावं.

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की. (हे वाक्य धाकट्या बहिणीने निघतानाच सांगून ठेवलंय. ती आठवीत आहे. मी नववीतून शाळा सोडली, त्यामुळे पुढचं माझ्या भाषेत.) घरात आई, बहीण आणि मी. मी पंक्चरच्या दुकानात असतो. आई घरी बसून शर्टांना काजं-बटणं करते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बटणाला चार भोकं आहेत का दोन, हे तिला बोट फिरवूनच कळतं. सुई मी आणि बहीण ओवून ठेवतो, सकाळी वीस, दुपारी वीस. तुमच्या यादीत नाव असेल तर ऑपरेशन फुकट होतं. तिला मंगळवारची तारीख मिळाली होती.

२. आता खुर्च्या. दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत दोन्ही पक्षांची एकत्र सभा झाली. विषय होता, गरिबी कशी हटवायची. सत्तेतल्या ताई म्हणाल्या, गरिबाच्या हातात पैसे दिले की तो आळशी होतो, त्याला काम द्या. विरोधातले सर म्हणाले, काम आहे कुठे, आधी हातात पैसे द्या. ताई म्हणाल्या, तुमच्या वेळी काय दिवे लावले? सर म्हणाले, तुम्ही तेच दिवे विझवले. असं चार तास. तेवढ्या वेळात आईने दीड डझन शर्ट संपवले. ती मांडवाच्या मागेच, आमच्या उंबऱ्यात बसली होती. तिला काही विचारावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

सभा संपल्यावर ताईंची माणसं म्हणाली खुर्च्या सरांनी आणल्या, सरांची माणसं म्हणाली ताईंनी. आमची खोली मांडवाला चिकटून. "मावशी, उद्या टेम्पो येईल, आजच्या दिवस ठेवून घ्या," असं म्हणून सगळ्या आत रचल्या. टेम्पो अजून येतोय. आमचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं. बहीण खुर्च्यांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात अभ्यास करते.

३. पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण खरं ते लिहितो. तुमचे एक सर्व्हेवाले टॅब घेऊन आले तेव्हा मी जेवायला घरी आलो होतो. ते उंबऱ्यातच थबकले, छतापर्यंत बघितलं आणि हसून म्हणाले, "बाप रे, दरबार भरवता की काय? कुठून ढापल्या?"

माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "आमच्याच आहेत. बसायचंय का? कितव्या नंबरवर बसता?"

आई आतून म्हणत होती, "अहो दादा, त्या सभेच्या आहेत, ह्याचं नका ऐकू." पण तोवर त्यांनी टॅबवर बासष्ट टाकलं होतं. तुमच्या फॉर्मात पंखा, टीव्ही, खुर्ची असे रकाने आहेत. एका खुर्चीला अर्धा गुण. वीस गुणांच्या वर माणूस गरीब राहत नाही. आमचे आधी आठ होते. माझ्या एका वाक्याने आम्ही एकोणचाळीसवर गेलो. गल्लीतल्या किराणावाल्याचेसुद्धा बावीसच आहेत.

४. मग तुमचं पत्र आलं. जाड कागद, सोनेरी कडा. "शासनाच्या उपाययोजनांमुळे आपलं कुटुंब गरिबीतून वर आलं, हार्दिक अभिनंदन." आईने ते उजेडात नेऊन पुढे-मागे करून पाहिलं आणि मला विचारलं, "ऑपरेशनचा कागद आला का रे?" मी म्हटलं, "हो." अजून तिला खरं सांगितलेलं नाही. हा अर्ज कृपया तिच्यासमोर मोठ्याने वाचू नये.

तुमच्या जिन्यातल्या फळ्यावर "या तिमाहीत वर आलेली कुटुंबे : १" असं लिहिलंय. ते आम्हीच. हा एक खोडला तर फळ्यावर शून्य येईल, त्याला माझा इलाज नाही.

५. खुर्च्या उचला म्हणून मी दोन्हीकडे गेलो. ताईंच्या ऑफिसात सांगितलं, "आता हात लावू नकोस! ताईंनी सभागृहात तुमचंच उदाहरण दिलंय. ज्या घरात बसायला पाट नव्हता, तिथे आज बासष्ट खुर्च्या!" मग सरांकडे गेलो. ते खूश झाले. "अजिबात हलवायच्या नाहीत! तो पुरावा आहे. खऱ्या गरिबाला यादीतून कसं हाकललं, हे आम्ही पत्रकारांना आणून दाखवणार." मी विचारलं, कधी? म्हणाले, अधिवेशन संपलं की. अधिवेशन संपेपर्यंत आई डोळ्यांनी बघायची कशी, हे विचारलं तर म्हणाले, "तोच मुद्दा आम्ही मांडणार आहोत."

दोन्हीकडे मला बसायला खुर्ची दिली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

मी चिडून दहा-बारा खुर्च्या गल्लीत फेकल्या. शेजारच्या आजोबांनी त्या गोळा करून, पुसून, परत आमच्या दारात आणून लावल्या. म्हणाले, "पोरा, आपली वस्तू अशी टाकू नये."

६. तरी विनंती की, (अ) खुर्च्या आमच्या नाहीत हे मान्य करावं. (आ) आईचं नाव मंगळवारच्या आत यादीत घालावं. (इ) ते जमत नसेल तर आमच्या खुर्च्या जप्त कराव्यात, म्हणजे आम्ही आपोआप खाली येऊ. पैसे द्यावेत का काम द्यावं, यावर माझं काही म्हणणं नाही. तुमचं ठरेल तेव्हा ठरवा. आईला काम आहे, फक्त दिसत नाही.

सोबत : डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी. खोलीचा फोटो (त्यात खुर्च्यांच्या मागे जो हात दिसतो तो बहिणीचा). अभिनंदनाचं पत्र, परत.

शुक्रवार.

आपला नम्र, पण घाईत असलेला,
काजवाल्या बाईंचा मोठा मुलगा

ता.क. भाऊसाहेबांनी खिडकी उघडून अर्ज वाचला. म्हणाले, साहेबांच्या टेबलावरून खाली यायला पंधरा दिवस लागतील. सर्व्हेवाल्यांनी स्वतः "नोंद चुकली" असं लिहून दिलं तर मात्र आजच होईल. मी म्हटलं, ते कशाला देतील? भाऊसाहेब म्हणाले, "तू त्याला वाकडं बोललास ना? मग माफी माग." मी लेखी देतो की मी त्या माणसाची माफी मागणार नाही. त्याने आम्हाला चोर म्हटलं. सात जन्मांत मागणार नाही.

साहेब, सर्व्हेवाले जिना उतरताना दिसतायत. भाऊसाहेब म्हणतात आता ते बुधवारशिवाय येत नाहीत. वरच्या माफीच्या चार ओळी मला खोडायच्या होत्या, पण खाडाखोड केलेला अर्ज इथे घेत नाहीत, तेव्हा त्या वाचू नयेत. त्यांनी गाडीला किक मारली. मला आता जायला पाहिजे.