मशीनचा आवाज येत नाही

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला मोबाइल वापरून महिना झाला. जाहिराती काय वाटेल ते सांगतात. मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे डबा कितीही चकचकीत असला तरी झाकण उघडून पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. याचं तर झाकणच उघडत नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत महत्त्वाचं ते पत्रानेच लिहीन.

बॅटरी दिवसभर पुरते. खिशात गरम होत नाही. जिन्यात, गच्चीत, अगदी न्हाणीघरातही रेंज मिळते. पण दोन दोष सापडले. पहिला, तुझ्या शिलाई मशीनचा आवाज येत नाही. जुन्या फोनवर तू बोलायचीस तेव्हा मागे खडखड चालूच असायची, पायही थांबायचा नाही आणि तोंडही. दुसरा दोष चित्राचा. कधीही लावा, तू त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर. परवा तुझ्या दाराची बेल वाजलेली मला इथे ऐकू आली, पण तू उठली नाहीस, शेजारणीला हाक मारलीस. तुझ्या तर पायाला भिंगरी. चित्र अडकतं की काय, अशी शंका आहे.

आणखी एक. मी दर महिन्याला तुझ्याकडे येतच होतो, मग फोन कशाला? आता फोन आहे, उगाच खेपा घालू नकोस, असं तू तीनदा तरी म्हणालीस. कुठेतरी पाणी मुरतंय.

लोभ फोनपेक्षा माझ्यावर जास्त असावा.

तुझा धाकटा

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पंचनामा पोचला. लहानपणी मामाने दिलेलं घड्याळ तू पहिल्याच दिवशी खोलून बसलास आणि ते पुन्हा कधी चाललं नाही, हे मी विसरलेले नाही. या फोनला स्क्रू नाहीत ते बरंच आहे.

दुकानातली मुलगी म्हणाली की हे नवे फोन मागचा गोंगाट गाळून टाकतात, फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवतात. म्हणजे मशीन ऐकू न येणं हा दोष नसून गुण झाला. खुर्चीपाशी उजेड चांगला येतो म्हणून तिथे बसते. शिवणकाम नेहमीसारखंच.

तुझ्या गाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम जवळ आला ना? मग तालमी बुडवून इकडे येऊ नकोस. स्वेटर घालत जा.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन आवाज गाळतो हे पटेना, म्हणून चाचणी घेतली. तुझा फोन नि माझा फोन जुळी भावंडं. तेव्हा माझा फोन खालच्या शिंप्याच्या हातात दिला, मशीन चालवत बोलायला सांगितलं आणि वर येऊन शेजाऱ्याच्या फोनवर ऐकलं. आवाज थोडा दबतो, पण खडखड येते. मग त्याला दुकानात चालायला लावलं. चित्र त्याच्याबरोबर चाललं. शिंपी म्हणाला की मला वेड लागलंय.

म्हणजे चित्र अडकत नाही. अडकली आहेस ती तू.

आता संशय कोणावर घेऊ, ते तूच सांग. उत्तर फोनवर देऊ नकोस, तिथे तू हसून विषय बदलतेस. लिही. मला भीती वाटते आहे, ताई.

धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चोर सापडला तुला. मशीनवर चादर टाकून ठेवली आहे. मागे तू येऊन गेलास त्याच आठवड्यात मी जिन्यावरून पडले. हाड मोडलं नाही, पण कमरेतली शीर दुखावली आणि उजव्या पायाला गुडघ्याखाली काही कळत नाही. पायडल दाबलं की नाही, तेही वाकून बघावं लागतं. भिंत धरून घरात फिरते. पाय सुधारेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

फोन त्यासाठीच घेतला. तोंड दिसलं की तुझं समाधान होईल, असं वाटलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू दुकान बंद केलंस, स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाहीस. आत्ता कुठे तू गायला लागलास. तुझ्या आयुष्यात दुसरं अंथरूण मी घालणार नाही. येऊ नकोस. रागावलास तरी चालेल.

तुझी ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागावलो, मग रडलो, मग जेवलो. शनिवारी सकाळी येतो आहे. सेवा करायला येत नाही. रविवारी संध्याकाळी तालीम आहे, तिला मी परत हजर असणार. येताना शिलाई मशीनची मोटर आणतो. तिचं बटण पायाखाली असतं, ते मी तुझ्या कोपराशी बसवून देईन. शिंप्याच्या मशीनवर बसवून पाहिलं, झकास चालतं. तो मात्र आता माझ्याशी बोलत नाही.

फोनचा निकाल लागला: पास. जे होतं ते त्याने दाखवलं, जे नव्हतं ते ऐकवलं नाही. लपवाछपवी त्याला येत नाही, ती आपल्या घरची विद्या.

शनिवारी शेजारणीला बोलावू नकोस. बेल वाजली की दार तूच उघड. भिंत धरून ये, हवा तेवढा वेळ घे. मी बाहेर उभा राहीन.

लोभ असावा, आणि कडी आतून लावलेली असावी.

तुझा धाकटा