बाबांचा हवापालट

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, आता तरी नवऱ्याला डोक्यावर बसवून घेऊ नकोस.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या गॅस प्लांटच्या कंट्रोल रूमला खिडकी नाही. समोर पडदे, त्यांवर प्रेशरचे आकडे, आणि पुढच्या पाळीचा माणूस येऊन खुर्ची घेईपर्यंत उठायचं नाही. परवा तो आलाच नाही. लागोपाठ दुसरी पाळी मीच ओढली, डबाही आकड्यांकडे बघत खाल्ला. घरी आले तरी कानात अलार्म वाजत असतो. दादा, माझा जीव घुसमटतोय रे.

एका ट्रेनिंग स्कूलमधून बोलावणं आलंय. नव्या ऑपरेटर मुलांना शिकवायचं, दिवसाची नोकरी, एक जूनला रुजू व्हायचं. पण राजीनामा दिला की हे क्वार्टर जाणार, आणि तिकडे मला होस्टेलची एक खोली. बाबांना तू नेशील का? कायमचं? त्यांना मी हवापालट म्हणून सांगितलंय. मला इथे चिकटवायला त्यांनी साहेबांकडे किती खेटे घातले, ते अजून शेजाऱ्यांना ऐकवतात. खरं सांगायला माझी जीभच रेटत नाही. तिकडे रुळले की सांगू.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी, टिल्लू

७ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

विचारायचं काय त्यात, वेडाबाई? बाप काय तुझ्या एकटीचा आहे? रविवारी न्यायला येतो. वहिनीने खिडकीजवळची खोली आवरूनही ठेवली. तू खुशाल राजीनामा दे आणि त्या पोरांचे कान उपट; माझे उपटून हात बसलाच आहे तुझा.

आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र पाठवत जा.
तुझा, दादा

२१ मे

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. काल ऐन स्वयंपाकाच्या वेळी बाबांनी आमच्या इमारतीच्या गॅसलाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याची मूठ काढून उशीखाली ठेवली. गळती आहे, वास येतोय, म्हणाले. सगळ्या घरांच्या शेगड्या बंद. गॅसवाला येऊन तपासून गेला, काहीही निघालं नाही. ही पहिलीच वेळ नाही. वहिनीलाही शेगडीजवळ फिरकू देत नाहीत, समोर खुर्ची टाकून बसतात. ती रडकुंडीला आलीय. सेक्रेटरी दारात येऊन नाही नाही ते बोलला.

डॉक्टर म्हणतात, वयाने असं होतं, ओळखीच्या जागी ठेवा. मी त्यांना परवा तिकडे आणतोय. राजीनामा मागे घेता आला तर बघ. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

जमलं तर माफ कर.
तुझा, दादा

२६ मे

ती. दादास,
सा. न.

तू बाबांना दारात सोडून पाय न धुताच निघालास, म्हणून लिहितेय. साहेबांनी राजीनामा परत दिला. बापाच्या वळणावर गेलीस, तुलाही प्लांट सुटत नाही, म्हणाले, आणि हसले. ट्रेनिंग स्कूलला नकार कळवला. तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावलेय. होईन शांत. बाबांना यातलं अक्षरही कळता कामा नये.

उद्यापासून पुन्हा पाळी.
वहिनीला नमस्कार.
टिल्लू

२९ मे

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुमच्याकडे मला कशाची कमी नव्हती. सूनबाईने फार केलं. तिला म्हणावं, म्हाताऱ्याने छळलं ते मनावर घेऊ नकोस.

आता रागावणार नसशील तर खरं सांगतो. वासबीस काही येत नव्हता. उभा जन्म गॅसमध्ये गेला माझा, मला कळत नाही होय? पण परत सोड म्हटलं असतं तर तू सोडलं नसतंस, आणि सूनबाईला वाटलं असतं की तिचंच काही चुकलं. म्हणून हा उद्योग केला.

टिल्लू इथे एकटी होती. मी मजेत आहे, मी मजेत आहे, असं दर पत्रात लिहायची, त्यावरूनच ओळखलं. बरं, तिला दुसरीकडे जा म्हणायचीही सोय नाही. माझ्यावरच गेलीय पोर, प्लांटशिवाय चैन पडायची नाही तिला. मग बापानेच नको का यायला? मला दारात बघून इतकी रडली, इतकी रडली, की विचारू नकोस. तेव्हा वाटलं, केलं ते बरं केलं.

आता तू काळजी सोड. मी मरेपर्यंत तिला एकटं टाकून कुठेही जाणार नाही.

सुखी राहा.
तुझे, बाबा