पायरीवरचं पाणी

आई,

पायरी ओली आहे, जपून ये. आणि पुसू नकोस.

मी आजोबांकडे चाललेय, मिरच्या भाजायला. रात्री तिथेच राहीन. बानित्सा झाकून ठेवलीय. मला भूक नव्हती, तू खा.

पेन्का मावशी येईल. चिडलेली असेल. काल म्हणाली होती, "माझी रोसित्सा घराबाहेर पडली की तिच्या मागे पाणी तूच ओत गं. बहिणीसारखी आहेस तिला. पोरीची वाट पाण्यासारखी सुरळीत जाऊ दे." मी हो म्हणाले आणि गेलेच नाही. तिला सांग, झोपले होते.

प्लोवदिवच्या त्या वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा रोसित्साने वसंतातच दिली होती. मला कळलं गेल्या आठवड्यात, तुझ्या बेकरीत, मावशी निरोपाच्या केकची ऑर्डर देत होती तेव्हा. मी रोसित्साला विचारलं तर म्हणते, "आधी सांगितलं असतं तर तोंड पाडून बसली असतीस." मी कुठे तोंड पाडलंय?

बॅग घेऊन जाताना तिने आपल्या फाटकातून हाका मारल्या. मी पडद्यामागे उभी होते. ओ दिली नाही.

मग बस आपल्या घरावरून गेली. तांब्याचा गडू मी सकाळीच भरून ठेवला होता. तो आपल्याच पायरीवर ओतला.

दुसऱ्याच्या दारात ओतलं तर चालतं का, तेवढं मावशीला विचार. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस.

देनित्सा