झाडलेलं जोतं

२ मे २०१९, गुरुवार

पोचलो एकदाचा. पैठणच्या अलीकडं जीपनं दोनदा दम टाकला, पण गाडा मागनं हलत-डुलत आलाच. हा गाडा मूळचा एका बँडवाल्याचा, जनरेटर ओढायचा. मी त्याच्यावर पत्रा चढवला, आत फळी, फळीवर गादी, खिडकीला आईच्या साडीचा पडदा. बाजूला ‘ब्रास बँड’ एवढं अजून पुसट दिसतं, त्यामुळं वाटेत दोन ठिकाणी लोकांनी थांबवून लग्न कुणाचं म्हणून विचारलं. एकाला मी म्हणालो, माझंच. त्यानं चहा पाजला.

जायकवाडीचं पाणी यंदा इतकं मागं हटलंय की जिथं होड्या चालायच्या तिथं माझी जीप उभी आहे. तडकलेली जमीन, जिकडंतिकडं शिंपले, आणि लांबवर गाळ भरून शहराकडं निघालेले डंपर. तिकडं नवे प्लॉट पडतायत, त्यांच्या बागांना हा गाळ लागतो. आमच्या सिडकोत नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. ते ज्या धरणातून येतं त्याच्या तळात मी आज भात शिजवून खाल्ला.

बेत असा: महिनाभर वायरीच्या विजेशिवाय राहायचं. जमलं तर पुढं गाडा घेऊन लांब जायचं, कुठं ते ठरलेलं नाही. शहागंजातून स्वस्तातला सोलर पॅनल आणलाय, पन्नास वॅटचा, पुस्तकासारखा मिटतो. दुकानदार म्हणाला, भाई, धूप दिखाओ और भूल जाओ. त्याला एक बॅटरी, तिच्यावर एक दिवा, एक छोटा पंखा आणि मोबाईल. आयटीआय अर्धवट सोडलं तरी वायरी जोडता येतात, एवढं तरी बाबांनी मान्य करावं.

जागा लई भारी मिळाली. धरणात गेलेल्या एका गावाची जोती इथं उघडी पडलीत. जोतं म्हणजे घराचा दगडी चौथरा, भिंती गेल्या तरी उरतो तो. त्यातलं एक अगदी सपाट, दोन पायऱ्यांसकट शाबूत. वर वाळलेला गाळ, शिंपले, काटक्या. धूळ उडून पॅनलवर बसली की वीज कमी होते, म्हणून खराटा घेतला आणि तासभर झाडून जोतं लख्ख केलं. चुलीची जागासुद्धा दिसायला लागली. मग पायरीवर पॅनल मांडला. भर दुपारी मीटरवर अडीच अँपिअर! मी नाचलो. बघायला फक्त बगळे होते.

३ मे

शेजार मिळाला. रामकिसन म्हणून चाळिशीचा माणूस, गाळपेर करतो, म्हणजे पाणी हटलं की धरणाच्या पोटात पेरतो. यंदा कलिंगडं लावलीत. आधी त्याला वाटलं मी डंपरवाल्यांपैकी. मग पॅनल आणि गादी बघून हसतच सुटला. लोकं घर बांधायला शहरात मरायलेत आन् तू घर सोडून पत्र्यात भाजून घ्यायला आलास व्हय, म्हणाला. तरी एक कलिंगड दिलं, आणि जाताना स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावून गेला.

त्याच्यासोबत त्याची आई होती, लक्ष्मीबाई. धरणग्रस्तांच्या वसाहतीतून चालत आलेली, तीन किलोमीटर, काठी टेकत. हे जोतं तिच्याच घराचं निघालं. मी ओशाळलो, पॅनल उचलू का म्हणून विचारलं. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. हे कुणी झाडलं, एवढंच तिनं विचारलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, मी, मावशी, बघा कसं चकाचक.

ती बसली नाही. बरं केलंस बाबा, तुला काय ठावं, म्हणाली आणि आल्या पावली फिरली. रामकिसन तिच्या मागं पळाला.

काहीतरी चुकलं. काय ते कळलं नाही.

५ मे

मीटर बिघडलाय वाटतं. बारा-वीसला अडीचवरनं एकदम पाव. या पॅनलचं असंच असतं, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खा पॅनल बसतो. म्हणून सावली कशाची ते शोधलं. मैलभर झाड नाही, खांब नाही. पण सावली होती. खालच्या कोपऱ्यावर, छोट्या कलिंगडाएवढी, गोल. सूर्य डोक्यावर, माझी सावली माझ्या पायाखाली, आणि ही एकटीच. पाचेक मिनिटांनी गेली. मीटर परत अडीच.

डोळे दिपले असतील. उन्हात टोपी घालायची, हे आई सांगते ते ऐकायला हवं.

६ मे

आजही बारा-वीस. मुद्दाम पॅनल जोत्याच्या मागच्या बाजूला नेला होता. सावली तिकडं आली. गोल, आणि गोलाखाली दोन बारके खांदे. वाकून काचेत तोंड बघावं तशी. जोत्यावर मात्र ती चढत नाही. कडेकडेनं फिरते.

मग काचेवर पंजा उठला. ओला. माझ्या तळहातात मावेल एवढा. काच तव्यासारखी तापलेली, त्यामुळं डोळ्यांदेखत वाळला. बोट लावून हुंगलं. गाळाचा वास.

हे लिहून ठेवतो की रात्री काहीच होत नाही. झोप गाढ लागते. जे होतं ते भर उन्हात.

८ मे

रामकिसनला विचारलंच. लक्ष्मीबाई त्या दिवसापासून अंथरुणावर आहे, अन्नाला शिवत नाही. तो खाली बसून ढेकळं फोडत बोलत होता.

पंचेचाळीस वर्षांमागं धरण भरायला लागलं तेव्हा ती पंचविशीची. रामकिसन व्हायचा होता. तिला सहा वर्षांचा मुलगा होता, कडुबा. आधीची दोन गेली म्हणून ह्याचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंड लावू नये म्हणून. गाव उठायच्या दिवशी बैलगाड्या भरत होते. शेळीचं करडू सुटून ओढ्याकडं पळालं आणि कडुबा त्याच्या मागं. ओढ्यात धरणाचं पाणी चढलेलं. संध्याकाळी करडू परत आलं.

निघायच्या वेळी सासूनं सवयीनं घर झाडायला घेतलं, तर लक्ष्मीबाईनं तिच्या हातातला झाडू हिसकला. माणूस घराबाहेर पडलं की ते पोचेपर्यंत मागं झाडत नाहीत. लगेच झाडतात ते मढं निघाल्यावर, त्यानं परत येऊ नये म्हणून. आमच्या घरीही पाळतात. मी निघालो की आई दिवसभर झाडूला हात लावत नाही. मला ठाऊक होतं हे. फक्त त्या दगडांना घर म्हणायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

घर पाण्यात गेलं, पण न झाडता गेलं. म्हणून दर दुष्काळात जोतं उघडं पडलं की ती येऊन पायरीवर बसायची, ओढ्याकडं तोंड करून. पोराची वाट उघडी हाय म्हणायची.

मी रामकिसनची माफी मागितली. तो म्हणाला, तुझी चूक नाय गड्या. आमालाच वाटायचं, कुणीतरी झाडून टाकावं आन् म्हातारी सुटावी. आता झाडलं तर तिच्याकडं बघवंना.

सावलीचं त्याला सांगितलं नाही.

१० मे

दोन दिवस टोपलीनं गाळ वाहतोय. जसा होता तसा परत जोत्यावर पसरतो, शिंपले, काटक्यासुद्धा. रामकिसननं लांबून बघितलं आणि परत कलिंगडांकडं वळला.

उपयोग नाही. दुपारी तो आला. आता ‘तो’च लिहितो. पहिल्या पायरीपाशी उभा राहिला. एक पाय उचलल्यासारखी सावली लांबली, आणि मागं आली. पुन्हा लांबली, पुन्हा मागं. स्वतःच्याच घराच्या पायरीवर. झाडलेलं परत टाकता येत नाही.

मी गाड्यात शिरलो आणि पडद्यात तोंड घालून रडलो. भीतीनं का, ते माहीत नाही.

१२ मे

पंधरा मिनिटं थांबतो आता. बॅटरी भरत नाही. पंखा बंद, दिवा मिणमिणतो. ते जाऊ दे.

सांगायला पाहिजे तिला. तो आलाय. पंचेचाळीस वर्षं ती ज्याच्यासाठी बसली तो आलाय, आणि ती तिकडं खाटेवर पडून मरतेय, तो येणार नाही म्हणून. उद्या जीप घेऊन जातो. भेटले की सगळं नीट होईल. नीट होईलच.

१३ मे

आणलं तिला.

रामकिसन नको म्हणत होता, मला शिव्याही दिल्या. पण ती ऐकून उठूनच बसली. धुवट लुगडं नेसली, भाकरीत गूळ बांधून घेतला. मग रामकिसनही मागं जीपमध्ये चढला. वाटेत माझ्यावर खेकसत होती, जीप हाकतूस का म्हस, म्हणून. गालात हसत होती.

बारा-वीसला मीटर पडला. तो आला. तिलाही दिसला. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. कुठं व्हता रं मुडद्या, भाकर गार झाली की. आणि हात पुढं केला.

सावली मागं सरकली.

तिनं पुन्हा हाक मारली. सावली आणखी मागं, आणि मग पळत माझ्याकडं. माझ्या पायामागं. पँट घोट्यापाशी ओली झाली, गार.

मला कळायच्या आधी तिला कळलं. त्यानं पंचविशीची आई सोडली होती. ही सुरकुतलेली बाई कोण, हे त्याला काय माहीत. तो तिला भ्यायला होता.

तिनं पदर मागं सारला. कपाळावरचं गोंदण दाखवलं. ह्ये बघ रं, ह्ये तरी वळख. माझ्या पायाला विळखा घट्ट झाला. मी ओरडून म्हणालो, अरे आई आहे तुझी. मी कुणावर ओरडतोय ते रामकिसनला दिसत नव्हतं, तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

तिनं भाकर पायरीवर ठेवली. म्हणाली, लेकराला भेव दाखवू नये. मला ने घरी.

जीपमध्ये बसताना तिनं पदर पुन्हा कपाळावर ओढून घेतला.

१५ मे

लक्ष्मीबाई काल गेली. दुपारीच.

मी वसाहतीत गेलो होतो. तिला उचलली आणि रामकिसनच्या बायकोनं झाडू घेतला. मी दारात आडवा झालो. झाडू नका म्हणालो, वाट बंद करू नका, ती त्याच्याकडं परत आली तर, या वेळी त्यानं ओळखलं तर. सगळे बघायला लागले. रामकिसन तिरडी खांद्यावर घेऊन तसाच वळला आणि म्हणाला, जा बाबा तू आता. हात जोडतो तुला.

माझ्या मागं खराट्याचा आवाज येत राहिला.

१६ मे

भाकर पायरीवर तशीच. मुंग्यासुद्धा नाहीत.

आज तो वेळेवर गेला नाही. दीड वाजला, दोन वाजले. पॅनलपाशी नाही आता. मी चालतो तिथं. माझी सावली बघतो तर तिला दोन डोकी. एक कमरेशी.

आईचा फोन आला. आवाज असा काय येतोय म्हणाली, पाण्यातून बोलल्यासारखा. घरी ये म्हणाली. तीन टक्के चार्ज होतं. येतो म्हणता म्हणता फोन गेला.

१७ मे

गाडा जोडला. पॅनल मिटला. किल्ली फिरवली. शेजारच्या सीटवर पाणी साचलेलं. ओंजळभर.

उतरलो.

त्याला घेऊन सिडकोत कुठं जाऊ? चौथ्या मजल्यावर? आणि सोडून जाऊ तर पाऊस पडेल, धरण चढेल, आणि तो पुन्हा खाली एकटा, झाडलेल्या घराच्या बाहेर. मी झाडलेल्या—

आई वाट बघत असेल.

१८ मे. दुपार

जीप चालू होते. माझंच पाऊल उचलत नाही. तो ओढत नाही, हे लिहायला पाहिजे. जबरदस्ती नाही काही. नुसता हात धरलाय. डावा. लिहितोय उजव्यानं.

सहा वर्षांच्या पोराचा हात एका झटक्यात सुटतो. दोनदा ठरवलं, आणि—

इतक्या वर्षांत कुणी धरलाच नसेल—

ओढ्याकडं चाललोय. चालता चालताच लिहितोय. ओढा कोरडा आहे. सकाळी बघून आलो, तळाला भेगा आहेत, हात जाईल एवढ्या. ऊन आहे. चपला ओल्या झाल्या.

तो थरथरतोय. तोच घाबरलाय. मी म्हणतोय, आहे रे मी, आहे—

गुडघ्यापर्यंत गार पाणी. दिसत काहीच नाही. माती. ऊन—

कमरे—

त्याला उचलून घेतो. खांद्यावर. त्याचं तोंड तरी वर राहील, एवढं तरी—